वर्गणी आणि एकजूट : कामगारसंघटनांच्या दोन शब्दांचे परीक्षण

कामगारसंघटनांविषयी मराठीत जे लेखन झाले आहे त्यात दोन शब्द जोडीने यावयास हवे होते; ते तसे आलेले नाहीत. ‘एकजूट’ हा शब्द घोषणेत, फलकावर, कवितेत आणि अध्यक्षीय भाषणात सर्वत्र भेटतो. ‘वर्गणी’ हा शब्द मात्र पावतीपुस्तकाच्या पलीकडे फारसा जात नाही. पहिला शब्द भावनेचा आणि दुसरा हिशेबाचा, अशी वाटणी आपल्याकडे नकळत होऊन बसली आहे. ही वाटणी भाषेच्या दृष्टीने चुकीची व संघटनांच्या दृष्टीने महागात पडणारी आहे. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या कल्याणच्या पलीकडील औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात हे दोन शब्द तपासून पाहिले, तर एकजुटीची पुष्कळशी दुखणी वर्गणीच्या क्रियापदांतच नोंदली गेली असल्याचे दिसून येते.

हा पट्टा निवडण्याचे कारण त्याच्या घडणीत आहे. मुंबईच्या गिरणगावात एक धंदा होता, त्याच्या लगतच चाळी होत्या आणि कोकण व घाटावरून आलेला बहुसंख्य मराठी कामगार होता. या तीन गावांत असे एकजिनसीपण कधीच नव्हते. उल्हासनगर हे फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांचे नगर. त्याचे हे नाव १९४९ चे. त्याच्या एका अंगाला शहाडचा सेंच्युरी रेयॉनचा प्रचंड कारखाना, तर आत गल्लोगल्ली कापड, फर्निचर व जीन्स शिवणारे लहान कारखाने. अंबरनाथमध्ये स्वातंत्र्यपूर्व काळात विम्कोचा आगपेट्यांचा व धरमसी मोरारजींचा रासायनिक कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर संरक्षण खात्याचे दोन कारखाने, म्हणजे आयुधनिर्माणी आणि यंत्रसाधनांचा आद्यप्रारूप कारखाना, तेथे आले. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतींनी अंबरनाथ व बदलापूर येथे मध्यम व लहान कारखान्यांची भर घातली. अशा रीतीने एकाच लोकलगाडीने कामावर जाणारे लोक सरकारी नोकर, मोठ्या कंपनीतील कायम कामगार, ठेकेदाराचे मजूर व तुकड्यावर काम करणारे शिंपी अशा चार निरनिराळ्या व्यवस्थांत विभागलेले राहिले. त्यांची बोलीही एक नाही. मराठी, सिंधी आणि हिंदीच्या नाना छटा येथे एकाच यंत्राभोवती बोलल्या जातात.

‘वर्गणी’ या शब्दाकडे प्रथम पाहू. मराठीत देणगी आणि वर्गणी हे दोन स्वतंत्र शब्द आहेत व त्यांतील भेद सामान्य बोलणाराही सहसा चुकत नाही. देणगी देणारा देऊन मोकळा होतो; वर्गणी देणारा वाटेकरी होतो. गणेशोत्सवाची वर्गणी दिलेला मनुष्य मंडपाच्या खर्चाबद्दल चार शब्द बोलण्याचा हक्क आपोआप मिळवितो, आणि तो हक्क बजावण्यात सहसा कसूर करीत नाही. हिंदीतील ‘चंदा’ या शब्दात मात्र देणगी व वर्गणी दोन्ही सामावतात. एकाच खात्यात मराठी कामगार वर्गणी देतो आणि त्याचा हिंदीभाषी सोबती चंदा देतो, तेव्हा रक्कम सारखी असली तरी दोघांनी एकच कृती केली असे ठामपणे म्हणता येणार नाही. एकाने हिशेब विचारण्याचा हक्क घेतला. दुसऱ्याच्या शब्दात तो हक्क असेल किंवा नसेलही.

या शब्दाबरोबर येणारी क्रियापदे अधिक बोलकी आहेत. ‘वर्गणी काढणे’ हा जुना प्रयोग होय. “आळीतल्या लोकांनी वर्गणी काढून विहीर बांधली” या वाक्यात कर्ता समूह आहे. देणारे आणि घेणारे वेगळे नाहीत. ‘वर्गणी देणे’ म्हणताच देणारा एकटा उरतो व समोर कोणीतरी घेणारा उभा राहतो. ‘वर्गणी भरणे’ या प्रयोगात ते अंतर आणखी वाढते, कारण भरावयाचा असतो तो कर, भरावयाची असते ती फी. घेणाऱ्याच्या जागी आता खिडकी आलेली असते. ‘पावती फाडणे’ यात कर्ता वसूल करणारा आहे, आणि वर्गणी देणारा चतुर्थीत गेला आहे: “त्याला पावती फाडली.” हाच वाक्प्रचार रस्त्यावरील दंडालाही लावला जातो, हे सहज आठवावे. शेवटचे क्रियापद ‘कापणे’. “पगारातून वर्गणी कापतात” या वाक्यात कामगार कर्ता नाही, कर्म नाही, चतुर्थीतही नाही. त्याच्याऐवजी त्याचा पगार पंचमीत उभा आहे. कित्येकदा तर “वर्गणी कापून जाते” असेच म्हणतात, आणि मग कापणाराही वाक्यातून नाहीसा होतो.

या पाच प्रयोगांना कालक्रमाच्या पायऱ्या मानण्याचे कारण नाही. ते सारे आजही प्रचारात आहेत. परंतु ते पाच निरनिराळ्या संघटनांचे वर्णन करतात. पगाराच्या दिवशी फाटकाशी उभा राहून वर्गणी घेणारा प्रतिनिधी दर महिन्याला शेकडो माणसांना सामोरा जातो. “मागच्या तक्रारीचे काय झाले?” हा प्रश्न त्याला त्याच वेळी विचारला जातो. वसुलीची ही पद्धत कष्टाची आहे, गळतीची आहे, आणि बुडव्यांना मोकळीक देणारी आहे. पगारातून कपात झाल्यास हे सर्व दोष एका फटक्यात दूर होतात. वेतनप्रदान अधिनियमात १९८२ च्या दुरुस्तीने कामगाराच्या लेखी संमतीनंतर अशी कपात करण्यास मुभा मिळाली, आणि ती सोय मोठ्या कारखान्यांतील संघटनांना नि:संशय उपकारक ठरली. तथापि या सोयीत दोन गोष्टी गेल्या. तो मासिक प्रश्न गेला. आणि संघटनेच्या खजिन्याची वाट मालकाच्या हिशेबखात्यातून जाऊ लागली. वर्गणी वेळेवर संघटनेकडे पोहोचणे हेही मग मालकाच्या सौजन्याचा भाग बनते. दोन संघटना परस्परविरोधी असतील तेथे, कोणाची कपात चालू ठेवावयाची व कोणाची संमतीपत्रे तपासणीत अडकवावयाची, हा निर्णय कोठे होतो हे वाचकाने ओळखावे.

आता रकमेचा विचार. १९२६ च्या कामगारसंघ अधिनियमात मूळात किमान वर्गणीची अट नव्हती. १९६० च्या दुरुस्तीने ती दरमहा २५ नये पैसे अशी आली. २००१ च्या दुरुस्तीने ग्रामीण कामगारांसाठी वर्षाला १ रुपया, इतर असंघटित कामगारांसाठी ३ रुपये व बाकीच्यांसाठी १२ रुपये असा किमान दर ठरला. मान्यताप्राप्त संघटनांसंबंधीच्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या अधिनियमात मान्य संघटनेची किमान वर्गणी महिन्याला ५० पैसे धरलेली आहे. किमान म्हणजे पुरेशी नव्हे, हे उघड आहे. परंतु स्पर्धेत किमान हाच दर होण्याचा धोका असतो. पाचशे सभासदांच्या संघटनेस वर्षाला १२ रुपयांप्रमाणे मिळणारी एकूण रक्कम ६,००० रुपये. एवढ्या पैशात कार्यालयाचे भाडे निघत नाही. औद्योगिक न्यायालयात वर्षानुवर्षे दावा चालविणे तर दूरच.

संघटना वर्गणी वाढवीत का नाहीत, याचे उत्तर १९७१ च्या त्याच अधिनियमाच्या मान्यतेच्या कसोटीत आहे. ज्या उपक्रमात ५० किंवा अधिक कामगार आहेत तेथे, अर्जापूर्वीचे सलग सहा महिने एकूण कामगारांपैकी किमान ३० टक्के सभासद असलेल्या संघटनेस मान्यतेसाठी औद्योगिक न्यायालयात अर्ज करता येतो. आणि सभासद कोण, हे वर्गणीच्या नोंदींवरूनच सिद्ध करावयाचे असते. कायद्याने येथे एक मोठी गोष्ट मान्य केली आहे. एकजूट ही घोषणांच्या आवाजावरून न मोजता सहा महिन्यांच्या पावत्यांवरून मोजावी, असे त्याने ठरविले. भावनेला हिशेबाशी जोडणारी ही दृष्टी मराठी साहित्यात अपवादानेच दिसते, म्हणून तिचे मोल अधिक. परंतु तिचा एक अनिष्ट परिणामही झाला. प्रतिस्पर्धी संघटनेचे सभासद ओढावयाचे तर आपली वर्गणी तिच्याहून जास्त ठेवून चालत नाही. म्हणून दोघींचीही कमी राहते, दोघीही दरिद्री राहतात, आणि वर्षभराची तूट करार होतो त्या वेळी थकबाकीच्या रकमेतून एकरकमी हिस्सा घेऊन भरून काढण्याची प्रथा पडते. मासिक वर्गणी सभासदाला संघटनेशी बांधते. करारातील हिस्सा त्याला कराराशी बांधतो. करार झाला, हिस्सा गेला, नाते संपले. पुढील कराराच्या वेळी दुसरा कोणी अधिक मोठा आकडा घेऊन आला तर त्याच्याकडे जाण्यास काहीच आडकाठी उरत नाही. कामगार चंचल असतो अशी तक्रार पुढाऱ्यांच्या तोंडी वारंवार येते. हे चांचल्य पुष्कळ अंशी वसुलीच्या पद्धतीने निर्माण केलेले आहे.

याच संदर्भात १९२६ च्या अधिनियमातील एका तरतुदीकडे अभ्यासकांचे दुर्लक्ष झाले आहे असे वाटते. त्या अधिनियमाने संघटनेच्या सर्वसाधारण निधीचा विनियोग कोणकोणत्या गोष्टींसाठी करावा हे ठरवून दिले, आणि राजकीय कार्यासाठी वेगळा निधी उभारण्याची मुभा ठेवली. या दुसऱ्या निधीस पैसे देण्याची सक्ती कोणावरही नाही. न देणाऱ्यास त्या निधीच्या व्यवस्थापनाखेरीज इतर कोणत्याही हक्कापासून दूर ठेवता येत नाही. या कल्पनेचे मूळ इंग्लंडात आहे. ऑस्बोर्न या रेल्वे कामगाराच्या खटल्यात १९०९ साली तेथील उमरावांच्या सभेने संघटनेचा पैसा पक्षकार्याला वापरण्यास मनाई केली, आणि १९१३ च्या कायद्याने वेगळ्या निधीची वाट काढून दिली. दोन पिशव्या वेगळ्या ठेवल्या तर दोन मतांची माणसे एका संघटनेत राहू शकतात, असा यामागील विचार होय. भारतात ही तरतूद कागदावर राहिली आणि पक्ष तितक्या संघटना हा मार्ग रूढ झाला. अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस १९२० मध्ये स्थापन झाली व १९२९ च्या नागपूर अधिवेशनात फुटली. पुढे १९४७ मध्ये इंटक, १९४८ मध्ये हिंद मजदूर सभा, १९५५ मध्ये भारतीय मजदूर संघ आणि १९७० मध्ये सिटू अशी मालिका लागली. एका खजिन्यात दोन पिशव्या ठेवण्यापेक्षा दोन खजिने करणे पुढाऱ्यांना सोपे गेले. त्याची किंमत मात्र वर्गणीदाराने मोजली.

‘एकजूट’ या शब्दाचे जीवन याच्या अगदी उलट. त्याला तोटा कधीच पडला नाही. ‘ऐक्य’ हा तत्त्वज्ञानातून आलेला, ‘एकोपा’ शेजारधर्माचा, ‘एकी’ बोधकथेतला. ‘एकजूट’ हा तेवढा लढ्याचा. मराठी भाषकाच्या मनात त्याचा संबंध ‘जुटणे’ या क्रियापदाशी आहे, आणि जुटणे ही प्रसंगोपात्त क्रिया आहे: माणसे कामासाठी जुटतात, काम झाले की पांगतात. ‘संघटना’ या शब्दात रचना आहे, सांधे आहेत, टिकाऊपणा आहे. ‘एकजूट’ या शब्दात क्षणाचा आवेग आहे. कामगारसाहित्याने हा आवेग फार समर्थपणे टिपला. नारायण सुर्वे यांच्या ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहाने कामगाराला मराठी कवितेत जे स्थान मिळवून दिले त्याला तोड नाही. मामा वरेरकरांच्या ‘धावता धोटा’पासून जयंत पवारांच्या ‘अधांतर’पर्यंत गिरणी व तिच्या छायेतील घर हा विषय मराठीत सातत्याने आला. परंतु या परंपरेत संघटना दिसते ती बहुधा घराच्या खिडकीतून किंवा सभेच्या मैदानातून. तिच्या कार्यालयात, जेथे एक टेबल, एक कपाट व अर्धवट भरलेली नोंदवही असते, तेथे साहित्यिक फारसा शिरलेला नाही. भाऊ पाध्ये यांनी काही काळ कामगार-चळवळीत प्रत्यक्ष काम केले होते, आणि ‘डोंबाऱ्याचा खेळ’ (१९६०) मध्ये त्यांनी त्या जगाकडे आतून पाहिले. ती वाट पुढे रुळली नाही. खजिनदार हे पात्र मराठी साहित्यात अद्याप उभे राहावयाचे आहे.

दुसरी एक उणीव स्थळाची. मराठीतील कामगार म्हटला की तो गिरणगावातला, असे समीकरण झाल्यामुळे १९८२ च्या संपानंतर ‘कामगारसाहित्य संपले’ असे उद्गार निघाले. त्याच काळात अंबरनाथ-बदलापूरच्या वसाहतींत हजारो माणसे पाळ्या करीत होती. गिरणगावाचे शोकगीत लिहिण्याच्या भरात या पट्ट्याची वार्ताही समीक्षेने घेतली नाही.

एकजुटीच्या या आवेगी अर्थाची मर्यादा इतिहासातही दिसते. १९२८ च्या सहा महिन्यांच्या मुंबईतील गिरणी संपात ना. म. जोशी यांची बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन व गिरणी कामगार युनियन यांनी संयुक्त संपसमिती बनविली होती. मतभेद तीव्र असूनही ती समिती टिकली, कारण संपकऱ्यांच्या घरी धान्य पोचविण्याचे काम दोघांच्या समोर होते. ऑक्टोबरात संप मिटला. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये पुन्हा संप झाला तेव्हा ती एकजूट राहिलेली नव्हती, आणि आदल्या संपात परदेशातून आलेल्या मदतीचा प्रश्न मात्र वादात शिल्लक होता. ‘संयुक्त’ हे विशेषण येथे सूक्ष्मपणे पाहावयास हवे. संयुक्त कुटुंबात चूल एक असते. संयुक्त समितीत चुली वेगळ्याच राहतात. कामगार-चळवळीने शब्द कुटुंबाचा घेतला आणि व्यवहार समितीचा ठेवला.

अंबरनाथच्या संरक्षण कारखान्यांचे उदाहरण या दृष्टीने विशेष विचारार्ह आहे. संरक्षण खात्यातील कामगारांचे डाव्या विचारांचा, इंटकशी संलग्न व भारतीय मजदूर संघाशी संलग्न असे तीन महासंघ आहेत. निगमीकरणाच्या विरोधात ऑगस्ट २०१९ मध्ये या तिघांनी मिळून देशभरच्या आयुधनिर्माणींत संप पुकारला. विचारसरणीने इतक्या दूर असलेल्या संघटना एका पत्रकावर सह्या करतात ही सामान्य गोष्ट नव्हे. येथे एकजूट शक्य झाली याचे एक कारण असे की मालक एक होता आणि प्रश्न सर्वांना समान होता. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याच्या सात कंपन्या झाल्या. आणि अंबरनाथचे दोन शेजारी कारखाने दोन वेगळ्या कंपन्यांत गेले. आयुधनिर्माणी यंत्र इंडिया लिमिटेडमध्ये व दुसरा कारखाना आर्मर्ड व्हेइकल्स निगम लिमिटेडमध्ये. गाव एक, स्थानक एक. मालक मात्र कागदावर दोन. संघटनांचे शिखर दिल्लीत एक राहिले तरी स्थानिक वर्गणी आता दोन कंपन्यांच्या वेतनपत्रकांतून येते.

उल्हासनगरच्या लहान कारखान्यांत याहून मूलभूत अडचण आहे. तेथील मालावरच्या ‘मेड इन यूएसए’ या अक्षरांचा ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा उलगडा करणारा विनोद सर्वपरिचित आहे. या विनोदातही संघटना आहे ती व्यापाऱ्यांची, कामगारांची नाही. शिलाईच्या गाळ्यात दहा-पंधरा माणसे असतात, पन्नासांचा उंबरठा त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, आणि काम तुकड्यावर असल्याने ‘पगाराचा दिवस’ ही वर्गणी घेण्याची परंपरागत वेळही निश्चित नसते. अशा विखुरलेल्या कामगारांसाठी महाराष्ट्रानेच एक निराळी वाट काढली होती. १९६९ च्या माथाडी अधिनियमानुसार मालकाने मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळाकडे भरावयाची व मंडळाने ती नोंदणीकृत कामगारांपर्यंत पोचवावयाची. येथे कामगार एका मालकाचा नसतो, संपूर्ण धंद्याचा असतो. ‘लेव्ही’ हा शब्द माथाडी कामगारांनी इतका आपलासा केला की त्याला मराठी पर्याय शोधण्याची गरज कोणास भासली नाही. लेव्ही म्हणजे वर्गणी नव्हे. ती मालकाने द्यावयाची असते. परंतु अनेक मालकांकडे विखुरलेल्या माणसांना एका खात्यावर आणल्याने संघटनेला पाय रोवण्यास जमीन मिळाली, हे अण्णासाहेब पाटील यांच्या माथाडी चळवळीने दाखवून दिले. शिलाईच्या धंद्यास हा नमुना लावण्याचा विचार व्हावयास हवा होता.

संघटनांची लोकांच्या तोंडी असलेली नावेही काही सांगतात. नोंदणीपत्रावर लांबलचक नाव असते. कामगार म्हणतो ‘लाल बावटा’, किंवा पुढाऱ्याच्या नावाला षष्ठीचा प्रत्यय लावून मोकळा होतो. दत्ता सामंत कामगारांत केवळ ‘डॉक्टर’ म्हणून ओळखले जात, आणि ‘डॉक्टरांची युनियन’ एवढे म्हटले की पुरत असे. यात भक्ती आहे, विश्वास आहे, आणि त्याबरोबर मालकीची एक कबुलीही आहे. “आमची युनियन” असे म्हणणारा आणि “अमक्यांची युनियन” असे म्हणणारा यांनी वर्गणी सारखीच दिलेली असेल. षष्ठी मात्र दोघांची वेगळी आहे. २००१ च्या दुरुस्तीने बाहेरच्या पदाधिकाऱ्यांची संख्या एकतृतीयांश किंवा पाच यांपैकी जी कमी असेल तेवढ्यावर आणली. परंतु षष्ठी बदलणे कोणत्याही दुरुस्तीच्या आवाक्यात नाही. ज्या संघटनेचा वकील, कार्यालय व मोटार हे सर्व पुढाऱ्याच्या इतर व्यापातून भागते, त्या संघटनेला कामगाराने पुढाऱ्याची म्हणणे हे व्याकरणदृष्ट्या शुद्धच आहे.

१९२६ चा अधिनियम आता इतिहासजमा झाला. २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, आणि तिच्यात वाटाघाटी करणाऱ्या संघटनेची नवी कसोटी आली. हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा ज्या संघटनेस असेल ती एकटी वाटाघाटी करील. तसा कोणासही नसेल तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांच्या प्रतिनिधींची परिषद बनेल. वरवर पाहता एकजुटीला कायद्याने आसन दिले आहे, आणि अनेक संघटनांच्या कारखान्यांत त्याचा उपयोगही होईल. शब्दांकडे पाहणाऱ्याच्या नजरेत मात्र एक बदल भरल्यावाचून राहत नाही. १९७१ च्या अधिनियमात कसोटी ‘सभासदत्वा’ची होती, सहा महिन्यांच्या वर्गणीने सिद्ध होणारी. संहितेतील कसोटी ‘पाठिंब्या’ची आहे. पाठिंबा हा एका दिवशी देता येतो व त्यासाठी काही काढावे, द्यावे किंवा भरावे लागत नाही. परिषदेस लागणाऱ्या सोयी कोणी पुरवावयाच्या याचेही उत्तर संहितेत आहे: त्या औद्योगिक आस्थापनेने पुरवावयाच्या. वाक्याचा कर्ता पुन्हा आस्थापना आहे, कर्म सोयी आहेत, आणि ज्याच्या वतीने वाटाघाटी व्हावयाच्या तो कामगार त्या वाक्यात कोणत्याही विभक्तीत आढळत नाही.